सॉल्व्हंटच्या खोलीत दिवा कोणता लावावा: एफएलपी की वॉटरप्रूफ एलईडी?

कागलकर | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. चपलांच्या कामाला लागणारं रबर सोल्यूशन बनवतो. टोल्युइन आणि हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये रबर विरघळवायचं, त्यात रेझिन घालायचं, डब्यांत भरायचं. मिक्सिंगची खोली वीस बाय तीस फूट, पत्र्याचं छत पंधरा फुटांवर, आत तीन मिक्सर. रबराचे तुकडे वरचं झाकण उघडून हातानेच टाकावे लागतात.

गेल्या वर्षी वडील गेले आणि सगळं माझ्या अंगावर आलं. मी कॉमर्सचा, वायरिंगमधलं मला फारसं कळत नाही. खोलीत दोन जुने मर्क्युरीचे दिवे आणि भिंतीला चार ट्यूबलाइट आहेत. गेल्या आठवड्यात रात्रपाळीला एका ट्यूबच्या चोकमधून ठिणगी उडाली. मिक्सर बंद होते, झाकणं लावलेली होती, म्हणून निभावलं. आमचे मिक्सरवरचे मामा वडिलांच्या काळापासून आहेत. त्यांनी मेन पाडली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला रात्री साडेअकराला फोन केला. त्या रात्रीपासून रात्रपाळी बंद आहे.

दोन कोटेशन आली आहेत. एक आयपी ६५ वॉटरप्रूफ एलईडी. विकणारा म्हणतो, "सीलबंद आहे, आत गॅस शिरतच नाही." दुसरं एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, फिटिंगचं, टू-सी, टी६, किंमत जवळपास सहापट. पैसे वाचवायचा विचार नाही, पण काय घेतोय ते समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

शमा | सोमवार, रात्री ९.४८

कागलकर, आधी एक विनंती. रात्रपाळी थांबवलीत ते फार चांगलं केलंत. पण त्या सहाही दिव्यांची लाइन खोलीबाहेरच्या डीबीवरून, म्हणजे वीजवाटपाच्या बोर्डवरून, तोडून घ्या. नुसतं बटण बंद ठेवून भागत नाही, कुणीतरी सवयीने दाबतंच. नवीन दिवे लागेपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवून दिवसाउजेडी काम करा.

मी रोह्याला सेफ्टी ऑफिसर आहे. दिवा निवडायचा म्हणजे आधी हवेत काय आहे ते बघायचं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस, हेक्झेनचा उणे २२. म्हणजे कोल्हापुरात ऐन थंडीतही दोन्ही पेटण्याइतकी वाफ सोडत असतात. हवेत साधारण १.१ ते १.२ टक्के वाफ मिसळली की मिश्रण पेटू शकतं. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून हिशेब सांगते. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडून गेलं तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास वाफ होते, आणि तेवढी वाफ साधारण वीस घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. तुमची अख्खी खोली अडीचशे घनमीटरची. म्हणजे बारा-तेरा लिटर. तीही सगळीकडे सारखी पसरली तर. प्रत्यक्षात ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती जमिनीलगत साचते. खाली एक-दोन लिटर सांडलं तरी पायापाशी धोक्याचा थर तयार होतो.

आता वॉटरप्रूफबद्दल. आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. वाफेबद्दल त्यात एक अक्षर नाही. दिवा चालू असताना तापतो, आतली हवा फुगून सीलमधून थोडी बाहेर पडते. बंद केला की थंड होतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. खोलीत वाफ असेल तर तीच ओढली जाते. रोज पेटवा-विझवा केलं की दिवा रोज श्वास घेतो म्हणा ना. आत ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) आहे, जोड आहेत, कधीतरी ठिणगी पडणारच. "आत गॅस शिरतच नाही" असं सांगणाऱ्याकडून हा दिवा घेऊ नका.

तुमच्याकडे एक्झॉस्ट कुठे आहे, वर की खाली? ते सांगा.

कागलकर | सोमवार, रात्री १०.०५

धन्यवाद शमाताई. लाइन उद्या सकाळी पहिल्यांदा तोडून घेतो. एक्झॉस्ट वर आहे, छताजवळ. एकच.

एक शंका. वाफ जड आहे, जमिनीलगत साचते, तर पंधरा फुटांवरच्या दिव्याला धोका कसला?

जुना फिटर | सोमवार, रात्री ११.२०

कागलकर, प्रश्न योग्य विचारलात. कित्येक ठिकाणी या एका प्रश्नाने निम्मा खर्च वाचतो, आणि कित्येक ठिकाणी याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने माणसं भाजतात.

मी तारापूरला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. सविस्तर लिहितो.

धोक्याच्या जागेचे तीन भाग करतात. जिथे पेटणारी वाफ कायम किंवा बराच वेळ असते तो झोन ०, म्हणजे तुमच्या मिक्सरच्या पोटात. जिथे रोजच्या कामात अधूनमधून येते तो झोन १, म्हणजे झाकणाभोवती, डबे भरता तिथे. जिथे सहसा नसते, काही बिघडलं-सांडलं तर थोडा वेळ येते तो झोन २. भारतात यासाठी आयएस ५५७२ हे मानक आहे. ते हातात घेऊन जाणकार माणूस तुमच्या खोलीचा नकाशा काढतो. त्याला एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग म्हणतात. त्यावर कुठला दिवा कुठल्या झोनमध्ये येतो ते दिसतं. पंधरा फुटांवरचा दिवा कदाचित झोनच्या बाहेरही येईल. पण तुमचा एकमेव एक्झॉस्ट छताजवळ आहे, म्हणजे तुम्ही स्वतःच जमिनीवरची वाफ उचलून दिव्यांजवळून नेताय. आधी तो पंखा खाली आणा, जमिनीपासून फूटभर. त्याची मोटरही एफएलपीच हवी. मग नकाशा काढा, आणि त्यानंतर दिवा.

आता एफएलपी म्हणजे काय. पुष्कळ लोकांना वाटतं की एफएलपी फिटिंगमध्ये गॅस जात नाही. जातो. आत स्फोटही होऊ शकतो. हे फिटिंग बनवतानाच तसं धरलेलं असतं. जाड धातूचं घर आतला स्फोट सोसतं, आणि आतली ज्वाळा बाहेर पडताना झाकण आणि घर यांच्यातल्या बारीक फटीतून जाते. फट अरुंद आणि लांब असल्यामुळे ज्वाळा तिथेच थंड होते, बाहेरच्या वाफेला पेटवण्याइतकी उष्णता उरत नाही. त्या फटीला फ्लेमपाथ म्हणतात. फट किती असावी हे गॅसवर ठरतं. प्रोपेनची ज्वाळा प्रयोगात ०.९२ मिलिमीटरच्या फटीत अडते, इथिलीनला ०.६५ लागते, हायड्रोजनला ०.२९. टू-ए, टू-बी, टू-सी हे गट त्यावरूनच पडले.

टोल्युइन आणि हेक्झेन दोन्ही टू-ए. म्हणजे तुम्हाला टू-सी लागत नाही. टू-ए/टू-बीचं फिटिंग पुरतं, ते बाजारात सहज मिळतं आणि स्वस्त पडतं.

तापमानाचं तसंच. टी१ म्हणजे दिव्याचा पृष्ठभाग ४५० अंशांपर्यंत, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १००, टी६ ८५. टोल्युइन ४८० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, पण हेक्झेन २२५ लाच. दोन्ही एकत्र वापरता, तेव्हा हेक्झेनचा हिशेब धरायचा: टी३ किंवा त्याच्या पुढचं. तुमच्या जुन्या मर्क्युरीच्या बल्बची काच २०० च्या वर सहज जाते. तिथे ठिणगीचीही गरज नव्हती.

आणि आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. १९९६ की ९७ साल असेल. एका प्लांटमध्ये, नाव लिहीत नाही, आम्ही शटडाउनला दिवे तपासायला घेतले. सगळे एफएलपी, चांगल्या बनावटीचे, कागदपत्रं चोख. पहिलं फिटिंग खाली घेतलं. झाकणाला आठ बोल्ट असायला हवेत, होते तीन. बल्ब बदलताना उंचावर शिडीवर उभा असलेला माणूस आठ बोल्ट कशाला काढेल आणि परत लावेल? तीन लावले की झाकण बसतं, खालून काही दिसत नाही. दुसरं उघडलं तर फ्लेमपाथवर पिवळा ऑइलपेंट. रंगाऱ्याने फिटिंग "नीट" रंगवलं होतं. तिसऱ्याच्या फ्लेमपाथवर स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटल्याचा ओरखडा, नखाला लागेल असा खोल. चौथ्यात कुणीतरी पाणी येऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं गॅस्केट कापून बसवलं होतं. त्या सेक्शनमध्ये बावीस फिटिंग होती. संध्याकाळपर्यंत ज्यावर बोट ठेवावं अशी पाच उरली.

बावीस दिव्यांचे पैसे कंपनीने मोजले होते आणि सतरा दिवे साधेच होते. म्हणून सांगतो, विकत घेताना जेवढं बघाल त्याच्या दुप्पट बसवताना आणि उघडताना बघा. बोल्ट मोजा. फीलर गेज घेऊन फट मोजा. फ्लेमपाथ चिंधीने पुसा, न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या, रंग नाही, पॉलिश पेपर नाही.

तारवाला | मंगळवार, सकाळी ७.३५

फिटरकाका, एकेक शब्द खरा आहे. मी इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, पुणे-चाकण भागात कामं करतो. एक भर घालतो, कारण नव्या बसवणुकीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते: ग्लँड.

मालक महागाचं फिटिंग आणतो आणि केबल आत घालायला प्लॅस्टिकचा ग्लँड लावतो. म्हणजे किल्ल्याला पोलादी दरवाजा आणि बाजूच्या भिंतीला भोक. ग्लँडसुद्धा एफएलपी प्रमाणपत्राचाच हवा, डबल कॉम्प्रेशन, केबलच्या जाडीच्या मापाचा. आटे किमान पाच पूर्ण बसले पाहिजेत. केबल बारीक आणि ग्लँड मोठा असला की लोक काळी टेप गुंडाळून भरतात. मी स्वतः उकलून काढलेली आहे ती टेप. फिटिंगला दोन एंट्री असतात, एकच वापरली तर दुसरीत येणारा लाल प्लॅस्टिकचा बूच फक्त वाहतुकीपुरता असतो. तो काढून धातूचा प्रमाणित स्टॉपिंग प्लग लावायचा. तो लाल बूच तसाच ठेवून वर्षानुवर्षं चाललेले दिवे मी पाहिले आहेत.

आणि बाहेरचं अर्थिंग. फिटिंगच्या अंगावर बाहेर एक अर्थ स्टड असतो, तो रिकामा ठेवू नका.

चांद्याचा | मंगळवार, दुपारी १.१०

चंद्रपूरहून लिहितो. इकडची एक गोष्ट तुमच्या कोल्हापुरात फारशी भासणार नाही, पण हा धागा विदर्भातले, खानदेशातलेही वाचतील.

फिटिंगच्या पाटीवर परिसराचं तापमान लिहिलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ उणे २० ते अधिक ४० अंश. दिव्याचा टी-वर्ग तेवढ्यापुरताच खरा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४६-४७ होतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. म्हणजे ४० साठी मंजूर झालेला दिवा आमच्या शेडमध्ये दोन महिने मंजुरीबाहेर जळतो. इकडे ५० किंवा ५५ अंशांपर्यंत लिहिलेलंच घ्यावं. एलईडीत तर हे आणखी महत्त्वाचं. एलईडीचं तोंड थंड असतं म्हणून लोक फसतात. उष्णता मागे ड्रायव्हरमध्ये असते आणि ड्रायव्हरच आधी मरतो.

फिटरकाकांनी फटीत ज्वाळा थंड होते असं लिहिलं आणि मला वडिलांचा दिवा आठवला. ते कोळशाच्या भूमिगत खाणीत ओव्हरमॅन, म्हणजे पाळीचे पर्यवेक्षक, होते. त्यांच्याकडे पितळी सेफ्टी लॅम्प असायचा, ज्वाळेभोवती तारेची बारीक जाळी. तेच तत्त्व: जाळी ज्वाळेची उष्णता पिऊन टाकते, बाहेरचा गॅस पेटत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये ते शोधलं. त्याच्या तीन वर्षं आधी इंग्लंडात फेलिंगच्या खाणीत ९२ माणसं आणि मुलं स्फोटात गेली होती. वडील वात अगदी बारीक करून दिवा हळूहळू छताकडे नेत, कारण मिथेन हलका, तो वर साचतो. ज्वाळेवर फिकट निळी टोपी चढली की गॅस आहे. टोपी किती उंच, त्यावरून किती टक्के ते त्यांना कळायचं. मिथेन ५ ते १५ टक्क्यांत पेटतो, पण खाणीत १.२५ टक्क्यांच्या वर गेला की वीज तोडायचा नियम आहे. ज्वाळा मंदावली की प्राणवायू कमी, मागे फिरा. एकच वस्तू उजेड द्यायची आणि हवा कशी आहे तेही सांगायची.

तो दिवा अजून घरात आहे. त्याची जाळी वडील दर रविवारी उजेडात धरून तपासायचे. एक तार तुटली तरी दिवा बाद.

सांगलीची हळद | मंगळवार, दुपारी ४.२२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारला तर चालेल ना? आमचं हळद दळण्याचं युनिट आहे. सॉल्व्हंट काही नाही, पण पल्वरायझरच्या खोलीत भिंती, दिवे, पंखे सगळं पिवळं. इन्शुरन्सच्या तपासणीला आलेल्या गृहस्थांनी दिवे बदला म्हटलं. आम्ही एफएलपीच लावायचे का?

शमा | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

चालेल, चांगलं केलंत विचारलंत. हळद, मैदा, साखर, स्टार्च, लाकडाचा भुसा, सगळ्यांची बारीक पूड हवेत उधळली की स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जियात पोर्ट वेंटवर्थ इथे ७ फेब्रुवारी २००८ ला साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ कामगार गेले. पहिल्या छोट्या स्फोटाने बीमवर, पाइपवर साठलेली धूळ खाली उडवली आणि खरा विध्वंस त्या धुळीने केला.

धुळीचे झोन वेगळे: २०, २१, २२. दिवाही वेगळा. गॅससाठी पास झालेला एफएलपी दिवा धुळीला आपोआप चालत नाही, पाटीवर धुळीचं चिन्ह वेगळं असावं लागतं, एक्स-टी. तिथे भर असतो धूळ आत न शिरण्यावर आणि बाहेरचा पृष्ठभाग न तापण्यावर. पाटीवर तापमान थेट अंशांत लिहिलेलं असतं. हळद ही वीज न वाहणारी धूळ, गट थ्री-बी. कापसाच्या जिनिंगला थ्री-ए.

तुमच्या खोलीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दिव्यावर बसणाऱ्या थराची. धूळ ही गोधडीसारखी असते. दिव्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, दिवा तापत राहतो, आणि थर आतून धुमसायला लागतो. धुळीच्या पाच मिलिमीटर थराचं पेट घेण्याचं जे तापमान, त्यापेक्षा दिव्याचा पृष्ठभाग किमान ७५ अंश थंड असायला हवा असा नियम आहे. तोही थर पाच मिलिमीटरपर्यंतच आहे असं धरून. थर जाड झाला की हा हिशेब मोडतो. म्हणून सपाट माथ्याचा दिवा घेऊ नका, उताराचा घ्या. आणि साफसफाई कॉम्प्रेसरच्या हवेने कधीच नको, त्याने धूळ उधळते. ओल्या फडक्याने किंवा धुळीसाठीच्या व्हॅक्यूमने.

जुबैलकर | मंगळवार, रात्री ११.४०

सौदीत जुबैलला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे, मूळचा चिपळूणचा. ओल्या फडक्याचं शमाताईंनी लिहिलं, ते गॅसच्या जागीही लागू आहे. प्लॅस्टिकची काच असलेल्या बऱ्याच फिटिंगच्या प्रमाणपत्र क्रमांकामागे इंग्रजी एक्स हे अक्षर असतं. त्याचा अर्थ, हा दिवा काही अटींवर मंजूर आहे, अटी प्रमाणपत्रात वाचा. पुष्कळदा अट हीच असते की फक्त ओल्या फडक्याने पुसा, कारण कोरड्या कपड्याने घासलं की प्लॅस्टिकवर स्टॅटिक चढतं आणि ठिणगी पडते. हा एक्स कुणी वाचतच नाही.

कागलकर, युरोपचं एटेक्स प्रमाणपत्र दाखवून कुणी माल विकायला आलं तर तेवढ्यावर घेऊ नका. भारतात पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संस्थेची, म्हणजे पेसोची मान्यता बघा. मुख्यालय नागपूरला आहे. टेस्ट रिपोर्ट धनबादच्या सिंफरचा (खाण आणि इंधन संशोधन संस्थेचा) असेल तर उत्तम. दोन्ही कागद मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर दिव्याच्या पाटीशी अक्षर अन् अक्षर जुळवा. एका मॉडेलची मान्यता दाखवून दुसरं मॉडेल गळ्यात मारतात.

अजून एक. उजेड पुरेसा ठेवा. एफएलपी महाग म्हणून सहाच्या जागी दोन दिवे लावतात. मग मिक्सरमध्ये रबर विरघळलं का ते दिसत नाही, आणि माणूस खिशातून मोबाईल काढून टॉर्च लावतो आणि उघड्या झाकणात वाकून बघतो. म्हणजे झोन ० च्या तोंडावर साधं इलेक्ट्रॉनिक उपकरण. आमच्याकडे गेटवरच मोबाईल जमा होतात, पण ते जमतं कारण आत उजेड भरपूर आहे. मिक्सरला काचेची खिडकी असेल तर तिच्यावर बसणारा प्रमाणित साइट ग्लास लॅम्प मिळतो. झाकण उघडायचीच गरज कमी होते.

कागलकर | शुक्रवार, रात्री ८.३०

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही, पण रोज दोनदा हा धागा उघडून वाचला. प्रिंट काढून मामांनाही दिली.

लाइन मंगळवारी सकाळीच तोडली. बुधवारी एफएलपीवाल्याला सांगितलं, नमुन्याचं फिटिंग घेऊन या. आले. पाटी वाचायला मी, मामा आणि माझी बहीण बसलो, ती केमिस्ट्रीची आहे. पाटीच नव्हती, कागदी स्टिकर होता. टू-सी, टी६ छापलेलं, पण प्रमाणपत्राचा क्रमांक नाही, परिसराचं तापमान नाही. मी पेसोचं पत्र मागितलं तेव्हा म्हणाले, "ऑर्डर दिली की पाठवतो." मामांनी झाकण उघडलं, फ्लेमपाथवरून बोट फिरवलं आणि बोटाला रंग लागला. नव्या कोऱ्या फिटिंगला. परत पाठवलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही.

दुसऱ्याकडून टू-ए/टू-बी, टी४, परिसर ५० अंशांचं फिटिंग मिळालं. धातूची कोरलेली पाटी, सिंफर आणि पेसो दोन्ही कागद, मॉडेल नंबर जुळला. किंमत आधीच्या एफएलपीपेक्षा कमीच.

एरिया क्लासिफिकेशनचं काम एका सल्लागाराला दिलं आहे. ते खोली बघून म्हणाले की सगळेच दिवे आत कशाला? उत्तरेच्या भिंतीपलीकडे आमचा उघडा पॅसेज आहे. त्या भिंतीत तीन जागी जाड काचेच्या बंद खिडक्या, कडा सीलबंद, आणि दिवे पॅसेजच्या बाजूने आत उजेड टाकणारे. पॅसेज झोनबाहेर येतो का ते आधी नकाशात ठरेल. आत मिक्सरवर फक्त चार एफएलपी.

जुना फिटर | शुक्रवार, रात्री ९.१५

शाब्बास. भिंतीपलीकडून उजेड ही सगळ्यात चांगली युक्ती, स्प्रे पेंटिंगच्या बूथमध्ये वर्षानुवर्षं वापरतात. जो दिवा धोक्याच्या जागेत नाही त्याचे बोल्ट कुणाला मोजावे लागत नाहीत. फक्त काच तडकली तर त्या दिवशीच काम थांबवायचं, हे मामांना सांगून ठेवा.

स्विच कुठे आहेत?

कागलकर | शुक्रवार, रात्री ९.२२

काका, स्विच आतच आहेत अजून. साधे, दाराशेजारी.

तारवाला | शुक्रवार, रात्री ९.४०

बाहेर काढा, दाराबाहेर. दिवा एफएलपी आणि त्याचा स्विच साधा, हे मी दर दुसऱ्या साइटवर बघतो. ठिणगी तर स्विच दाबल्यावरच पडते. आणि साइटवर "जरा वेळ" लावलेला एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोही आजच खोलीबाहेर.

चांद्याचा | शुक्रवार, रात्री १०.०३

विषय दिव्यांचा आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. टोल्युइन ड्रममधून मिक्सरमध्ये ओतता तेव्हा ड्रम, पंप, मिक्सर तिन्ही तांब्याच्या वायरने जोडून अर्थ केलेत का? प्लॅस्टिकच्या कॅनमधून ओतत असाल तर ते थांबवा. दिवे कितीही चांगले लावले तरी ती ठिणगी दिव्यातून येत नाही.

कागलकर | रविवार, सकाळी ११.१५

मिक्सर अर्थ आहेत, ड्रमला क्लॅम्प नव्हता. काल आणला. प्लॅस्टिकचे कॅन मोडीत काढले.

शेवटचा प्रश्न विचारतो आणि आपला वेळ घेणं थांबवतो. महिन्यातून एकदा मिक्सर रिकामा करून माणूस आत उतरतो, तळाला चिकटलेलं रबर खरवडायला. आजवर वायर ओढून साधा हँडलॅम्प आत सोडायचे. आता काय वापरायचं?

शमा | रविवार, दुपारी १२.४०

कागलकर, कारखाने अधिनियम १९४८ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता; त्यात १९७६ ला कलम ३६-अ घातलं गेलं ते नेमकं याच कामासाठी. ते सांगायचं: टाकी, व्हॅट (मोठं पिंप), खड्डा अशा बंदिस्त जागेत २४ व्होल्टच्या वरचा हाती दिवा पुरेशी सुरक्षा साधनं असल्याशिवाय न्यायचा नाही, आणि पेटणारी वाफ असण्याची शक्यता असेल तर फ्लेमप्रूफ बनावटीचाच दिवा.

म्हणून २४ व्होल्टचा एफएलपी हँडलॅम्प घ्या. ट्रान्सफॉर्मर आणि प्लग खोलीच्या बाहेर, केबल अखंड, मधे जोड नको. नाहीतर झोन ० ला मंजूर असलेला बॅटरीचा टॉर्च घ्या, आणि त्याचे सेल ऑफिसात बदला, मिक्सरपाशी नाही. पण दिव्याआधी: मिक्सरचा स्विच लॉक करून चावी उतरणाऱ्याच्या खिशात, आत ब्लोअरने ताजी हवा, गॅस मीटरने तळाशी मोजणी, प्राणवायू आणि वाफ दोन्ही. झाकणापाशी एक माणूस सतत उभा, उतरणाऱ्याच्या कमरेला हार्नेस. खरवडायला लोखंडी पटाशी नको, पितळी किंवा लाकडी घ्या.

पहिल्यांदा उतराल त्या दिवशी सकाळी मला इथे मेसेज करा. मीटरचे आकडे लिहा, मी बघते आणि मगच माणूस आत पाठवा.